रविवारी बटाटे काढल्याचा गुन्हा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर आणि नवलाख उंबरे गावच्या त्याच्या जोडीदारावर. झाला तो गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळची पाळी आत जायच्या वेळेला, कारखान्याच्या फाटकावर. हा कारखाना आपल्या एमआयडीसीतला नाही. युरोपातल्या एका थंड देशातला आहे. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भाऊ अजून त्याच देशात कामाला आहे आणि तो मला म्हणाला, "लिही तू, पण माझी भाकरी सांभाळून लिही."

कोणावर, कधी, कुठे हे आधी सांगायचं आणि मग तोंड उघडायचं, असं मला मावळातल्या आमच्या छोट्या संघटनेत शिकवलंय. आमच्या आंदर मावळातल्या एसटीच्या फेऱ्या कमी केल्या तेव्हा मी पत्रक लिहिलं. कंत्राटी पोरांना कारखान्याच्या बसमध्ये चढू देईनात, तेव्हाही लिहिलं. ती दोन्ही एका पानाची होती. हे एका पानात बसवायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

भाऊ आयटीआय झालेला. यंत्रावर लोखंड कापून त्याचे सुटे भाग करायचे, हे त्याचं काम. आमच्या टाकवे गावाहून नवलाख उंबऱ्याकडच्या कारखान्यात तो कित्येक वर्षं मोटारसायकलनं गेला. जोडीदार शेजारच्या यंत्रावर. दोघंही कंत्राटी. कायम करायची वेळ आली की कंत्राटदार थोडे दिवस घरी बसवायचा आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचा. चार वेळा नवा झाल्यावर भाऊ म्हणाला, "आता नवाच व्हायचं तर जरा लांब जाऊन व्हतो."

लोणावळ्यात एक एजंट होता. त्यानं दोघांना पाठवलं. विमानतळावर आईनं भावाच्या बॅगेत घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी कोंबली. आबा, म्हणजे आमचे वडील, एवढंच म्हणाले, "तितं कुनाचं देनं ठिऊ नगंस." त्यांना पैशाबद्दल म्हणायचं नव्हतं, हे भावाला कळलं आणि मलाही कळलं.

आता परवान्याचं सांगते, कारण सगळी भानगड त्यातच आहे. तिथे काम करायला एक कार्ड मिळतं. त्या कार्डामागे एकाच कंपनीचं नाव असतं. त्याच कंपनीत काम करायचं, दुसरीकडे नाही. कार्डाला मुदत असते. मुदत संपायच्या आत कंपनीनं नूतनीकरणाचा अर्ज करायचा. अर्ज वेळेत गेला तर माणूस कायदेशीर. नाही गेला तर तोच माणूस, त्याच यंत्रावर, तेच काम करत असताना एका दिवसात बेकायदेशीर. अर्ज करायचा कंपनीनं आणि हाकलायचं कामगाराला. हा कायदा ज्यानं लिहिला त्याच्या पोटच्या पोराला कधी परक्या मुलखात राबावं लागलेलं नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

कार्डाची मुदत जवळ आली तसं भावानं विचारायला सुरुवात केली. कंपनीच्या माणसानं दोघांचे पासपोर्ट "नूतनीकरणासाठी लागतात" म्हणून घेतले. भाऊ दर आठवड्याला विचारायचा, अर्ज गेला का? उत्तर यायचं, जाईल. मुदत संपली. भावानं विचारलं, गेला का? उत्तर आलं, गेला असेल. भाऊ तरी रोज कामावर. घरी फोन केला की मला म्हणायचा, "पुढारीणबाई, तुमच्या एसटीचं झालं का? मग आमच्या कार्डाचं बगा जरा." तेव्हा आम्ही हसायचो.

कामगारांच्या वसतिगृहाच्या कुंपणापलीकडे एका म्हातारीचं घर होतं. नवरा गेलेला, मुलगा राजधानीत. तिच्याकडे कोंबड्या आणि थोडी जमीन. भाऊ आणि जोडीदार तिच्याकडून अंडी घ्यायचे. भाषा येत नव्हती. हातवारे आणि मोबाइल यांवर भागायचं. तिला ते मावशी म्हणायचे आणि तीही त्या हाकेला ओ द्यायला शिकली होती. फाटकावरच्या त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी ती काठीवर रेलून एका हातानं बटाटे उकरताना भावाला दिसली. कमरेचं दुखणं उठलेलं. दोन दिवसांत मोठा पाऊस येणार होता आणि बटाटे जमिनीतच होते.

यापुढे काय झालं, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे इर्जिक असते. एखाद्याच्या घरात दुखणं असलं, माणूसबळ नसलं, किंवा आवणीला, म्हणजे भात लावायला, उशीर झाला, की वाडीतली माणसं एक दिवस ठरवून त्याच्या भातखाचरात उतरतात. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं. कोणी कोणाच्या हाताखाली नसतो. इर्जिकीला बोलावलं आणि आला नाही, असा माणूस गावात असतो. पण त्याचं नाव घेताना लोक जरा थांबतात.

तर भाऊ आणि जोडीदार रविवारी सकाळी म्हातारीच्या शेतात गेले आणि संध्याकाळपर्यंत सगळे बटाटे काढून, निवडून, तळघरात लावून आले. म्हातारीनं कोंबडीचा रस्सा आणि पाव खाऊ घातला. निघताना बटाट्यांची एक गोणी दिली. ती भावानं खांद्यावर मारून वसतिगृहात आणली आणि सगळ्यांना वाटली. त्या संध्याकाळी त्यानं आम्हाला व्हिडिओ कॉल केला होता. अंगभर माती. इतका खूश मी त्याला तिकडे गेल्यापासून पाहिला नव्हता. "आई, हितली माती काळी हाय, पर वास आपल्यासारखाच येतो."

वसतिगृहाच्या व्यवस्थापकानं खिडकीतून फोटो काढले होते.

सोमवारी फाटकावर दोघांना बाजूला घेतलं. कंपनीचा माणूस, एक दुभाषा, आणि टेबलावर दोन कागद. तुम्ही परवान्यावर नाव नसलेल्या ठिकाणी काम केलंत. मोबदला घेतलात. परवान्याचा भंग झाला. कागदावर सही करा, तुम्ही गुन्हा मान्य करून स्वखुशीनं देश सोडताय. विमानाचं तिकीट कंपनी काढेल. सही नाही केली तर पोलीस येतील.

भावानं विचारलं, "कसला मोबदला?"

दुभाषा म्हणाला, "जेवण. आणि एक गोणी."

भावानं विचार करायला वेळ मागितला आणि मला फोन लावला. इथे सकाळचे दहा वाजून गेले असतील. मी आणि आबा खळं सारवायची तयारी करत होतो. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सही केली का?" मी पहिलं तेच विचारलं.

"न्हाई आजून. ह्यो म्हनतोय पोलीस यील."

"येऊ दे. नूतनीकरणाचा अर्ज दाखवा म्हण. अर्ज केल्याची पोच दाखवा म्हण."

"आगं, त्ये बटाट्याचं बोलत्यात आन् तू पोच काय घिऊन बसलीस?"

"दादा, बटाटे काल निघालेत. कार्ड कधी संपलं? त्यांनी अर्जच केलेला नाही. तू गुन्हा कबूल केलास की त्यांची चूक तुझ्या गळ्यात. कळतंय का?"

मग आबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "चोरी केली का रं?"

"न्हाई, आबा."

"म्हातारीनं बोलिवलं व्हतं?"

"बोलिवलं न्हाई. आमीच गेलतो."

"मंग सई कशाची?" आणि फोन मला परत देऊन ते पुन्हा शेण कालवायला लागले. आमच्या घरातला कायदेशीर सल्ला एवढाच झाला. तो पुरेसा होता. भावानं सही केली नाही. पोलीसही आले नाहीत.

दुपारी मी आणि आबा कान्हे स्टेशनावरून लोणावळ्याला गेलो. एजंटाचं ऑफिस बाजारपेठेत, एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. काचेच्या दारावर देशोदेशींचे झेंडे चिकटवलेले. आबांनी सवयीनं दाराबाहेर चपला काढल्या. आत एजंट बूट घालून बसला होता. मी म्हटलं, "आबा, घाला चपला." ते घुटमळले. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी घातल्या.

एजंट गोड बोलणारा. "काका, बसा. मॅडम, तुम्ही इमोशनल होऊ नका, आपण प्रॅक्टिकल बोलू. यात जेल वगैरे काही नाही. सही करू दे त्याला. याला व्हॉलंटरी म्हणतात. सन्मानानं परत येणं. इथे आला की मी दुसऱ्या देशाचं बघतो."

"सही केल्यावर त्या देशात किती वर्षं बंदी?"

"ते असतं थोडं."

"आणि बाकीचे देश विचारत नाहीत, कुठून हाकललं म्हणून?"

"मॅडम, तुम्ही फारच निगेटिव्ह..."

"पासपोर्ट कोणाकडे आहे त्याचा?"

"कंपनीकडे. एकदम सेफ."

"कोणाचा आहे तो? कंपनीचा? तुमचा? भारत सरकारचा आहे. त्यावरच छापलंय. कंपनीला सांगा, उद्याच्या उद्या त्याच्या हातात द्यायला."

तो आबांकडे वळला. शिकल्यासवरल्या पोरींचं हे असंच, असं काहीतरी हसून म्हणाला. आबा म्हणाले, "ती इच्यारती त्याचं आदी सांगा की."

एजंटानं सांगितलं नाही. आम्ही परत स्टेशनात पोचलो तोवर मला कळलं की त्यानं दुसरीकडे फोन फिरवला होता. नवलाख उंबऱ्याला, जोडीदाराच्या घरी. तुमच्या पोराला तिकडे अटक होतेय, वाचवायचं असेल तर सही करायला सांगा. जोडीदाराच्या आईनं रडत पोराला फोन केला, तेव्हा त्याला भावापासून वेगळ्या खोलीत बसवलं होतं. आईचं रडणं ऐकून पोरगा काय करणार? त्यानं सही केली. चार दिवसांत तो गावात होता.

मला राग कंपनीचा आला, त्याहून जास्त या फोनचा आला. कंपनी परकी. हा माणूस आपला, आपल्या भाषेत बोलणारा, आईला काय म्हटलं की ती रडेल, हे नेमकं ठाऊक असलेला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही संघटनेची सहाजण त्या हॉटेलखाली पत्रकं घेऊन उभी राहिलो. शनिवार अशासाठी की त्या दिवशी आसपासच्या गावांतले आईबाप पोरांची नावं नोंदवायला तिथे येतात. पत्रकावर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न: "पोराला पाठवताय? त्याचा पासपोर्ट कोणाच्या हातात राहणार, हे वर जाऊन विचारा." कोणाचं नाव नाही, कोणाला शिवी नाही. लोक वाचायचे, जिन्याकडे बघायचे, काही वर जायचे, बरेचजण तिथेच एकमेकांशी बोलत उभे राहायचे. फिरायला आलेल्या एका कुटुंबानं आम्हाला खोल्या भाड्यानं देणारे समजून दर विचारला. त्यांनाही एकेक पत्रक दिलं.

तासाभरात एजंट खाली आला. "मॅडम, हे काय रस्त्यावर? वर या, चहा घेऊ."

"चहा खाली पाठवा. सहा कप. आमचं इथे बरं चाललंय."

"बदनामी करताय तुम्ही."

"प्रश्न विचारल्यानं बदनामी होत असेल तर उत्तर द्या. उत्तर छापून वाटू. तेही फुकट."

एक हवालदार आला, पत्रक वाचलं, म्हणाला, "रस्ता अडवू नका," आणि जाताना दोन पत्रकं खिशात घालून गेला. त्याचा मेहुणा निघायच्या तयारीत होता म्हणे. चहा आला नाही. पण सोमवारी भावाचा पासपोर्ट त्याच्या हातात आला. कंपनीच्या माणसानं तो वसतिगृहाच्या टेबलावर न बोलता ठेवला आणि सोबत सांगितलं, खोली आजच रिकामी करा.

भाऊ बॅग घेऊन कुंपणापलीकडे गेला. म्हातारीनं मुलाची खोली उघडून दिली. तिच्या भाचीच्या ओळखीनं एक वकीलबाई मिळाली. परदेशी कामगारांची प्रकरणं ती पैसे न घेता बघायची. तिनं कागद बघितले आणि पहिलं वाक्य उच्चारलं, ते भावानं मला जसंच्या तसं सांगितलं: सही केली नाहीस, म्हणूनच माझ्याकडे करायला काही उरलंय. दुसरं वाक्य असं की परवान्याच्या कार्यालयात ती दाद मागेल, पण निकाल लागेपर्यंत कुठलंही काम करायचं नाही. कुठलंही म्हणजे कुठलंही. म्हातारीच्या घरातलंसुद्धा नाही. कंपनी पुन्हा फोटो काढेल.

हे जे काही आठवडे गेले, त्यांबद्दल भाऊ अजून धड बोलत नाही. आमचा माणूस पाहुणा म्हणून गेला तरी संध्याकाळपर्यंत यजमानाच्या गुरांना वैरण टाकतो. तो आता खिडकीशी बसून बघायचा. कमरेत वाकलेली म्हातारी लाकडं फोडतेय, बादली उचलतेय, बर्फ सारतेय. आणि हा धडधाकट गडी हात मांडीखाली घेऊन बसलेला. म्हातारीला कायदा समजावून सांगितला होता, पण तिच्या डोक्यात तो शिरत नव्हता. एकदा ती कुऱ्हाड त्याच्यासमोर आपटून काहीतरी बोलली. त्यानं मोबाइलवर भाषांतर ऐकलं. "मुला, तू आजारी आहेस का?"

फोनवर तो मला म्हणाला, "लय लाज वाटती गं. जेलात टाकलं आस्तं तर बरं व्हतं. तितं तरी काम देत्यात."

"यायचंय का परत?" मी विचारलं. खरंच विचारलं. आंदोलन त्याच्या जिवावर करायचं नव्हतं मला.

"यायाचं आसंल तवा मी यीन. त्येंनी हाकललं म्हनून न्हाई येनार."

वकीलबाईनं एक गोष्ट मागवली. तुमच्याकडे शेजाऱ्याला बिनपगारी मदत करायची रीत आहे, असं भाऊ सांगतो. त्याचा काही पुरावा? मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक बिचारे भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, रहिवासी दाखला देतो. हयातीचा देतो. इर्जिकीचा दाखला मी कुठल्या रजिस्टरात लिहू?"

"नवीन उघडा."

"आणि जावक क्रमांक एक तुमचा! साहेब मला निलंबित करतील." मग म्हणाले, "पण खोटं तर काही नाही त्यात. मी स्वतः गेलोय इर्जिकीला, मटण खाऊन आलोय. माणसंच दाखवा की त्यांना. कागद कशाला?"

हे मला सुचलं नव्हतं. भात पिकून उभं होतंच. आबांनी वाडीत सांगितलं, पोरगं तिकडं अडकलंय, औंदा आमच्याकडं इर्जिक घालायची. सकाळी विळे घेऊन सगळी वाडी आमच्या खाचरात. मी मोबाइल घेऊन बांधावरून फिरत होते.

"आजोबा, किती मजुरी घेणार?" मी एका म्हाताऱ्या चुलत आजोबांना विचारलं.

"कसली मजुरी? बाजूला हो, पेंढीवर पाय दिलास."

"मग आलात कशाला?"

त्यांनी विळा थांबवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शहाणी आहे की नाही, याचीच त्यांना शंका आली. "भात हुबं हाय म्हनून." मागे कोणीतरी ओरडलं, "मटान हाय म्हनून आलाय त्यो, लिहून घे!" आणि बायका हसत सुटल्या. आई मधोमध उभी राहून सगळ्यांवर खेकसत होती: कोणी कुठे कापायचं, पेंढ्या कुठे टाकायच्या, पोरांनी चुलीपाशी यायचं नाही. हे सगळं मी जसंच्या तसं पाठवलं. खाली कोण काय म्हणतंय, ते इंग्रजीत लिहून दिलं.

सुनावणीच्या दिवशी काय झालं, ते भावानं संध्याकाळी सांगितलं. अधिकाऱ्यानं व्हिडिओ पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग वकीलबाईला विचारलं, "ही मधली बाई, ओरडणारी, ती मुकादम का?" भाऊ म्हणाला, "ती माझी आई." अधिकारी हसला नाही, पण त्यानं लिहून घेतलं.

मग त्यानं भावाला विचारलं, पैसे मिळाले नाहीत तर गेलास कशाला? भाऊ म्हणाला, "तिचे बटाटे जमिनीत होते." वकीलबाई पुढे समजावायला लागली, तर अधिकाऱ्यानं हातानं थांबवलं. आणि कंपनीच्या माणसाकडे वळून विचारलं, याच्या नूतनीकरणाच्या अर्जाची पोच कुठे आहे?

ती नव्हतीच. अर्ज गेलाच नव्हता. भावानं त्या सोमवारी सही केली असती, तर हा प्रश्न कोणी, कधी विचारलाच नसता.

निकाल असा लागला: परवाना संपला तो कंपनीच्या चुकीनं, कामगाराला दुसरी कंपनी शोधायला मुदत द्यावी. ती त्यानं मुदतीत शोधली. नवं कार्ड आलं, त्यामागे नवं नाव. बटाट्यांबद्दल मात्र त्याला लेखी ताकीद मिळाली. रस्सा आणि गोणी हा मोबदलाच, असं त्या देशाचं म्हणणं कायम आहे. ती ताकीद मला मान्य नाही. भावालाही नाही. म्हातारीनं त्याचं नवं कार्ड आल्याच्या दिवशी कुऱ्हाड त्याच्या हातात ठेवली आणि तो नाही म्हणाला नाही. वकीलबाईनं हे वाचू नये.

आता लोक मला म्हणतात, झालं ना चांगलं? मग एवढं तावातावानं का लिहितेस?

कारण नवलाख उंबऱ्याचा तो जोडीदार. त्याचे बटाटे तेच होते, रविवार तोच, गुन्हा तोच. अर्ज त्याचाही गेला नव्हता. पण त्याची सही झाली, म्हणून त्याचं प्रकरण कुठल्याच अधिकाऱ्यापुढे गेलं नाही. त्याच्या पासपोर्टावर बंदीचा शिक्का आहे. तो पुन्हा त्याच कारखान्यात, त्याच कंत्राटदाराकडे, पुन्हा नवा म्हणून लागलाय. चहाच्या टपरीवर पोरं त्याला विचारतात, "काय शेठ, युरोपात बटाट्याचा भाव काय?" तो हसतो. एजंट अजून त्याच हॉटेलच्या वर बसतो.

मी जोडीदाराला गाठलं. म्हटलं, वकीलबाई म्हणते, दमदाटीनं घेतलेली सही आहे असा अर्ज करता येईल, करूया. तो मोटारसायकलवर बसलेलाच होता, उतरला नाही.

"तुझ्या भावाला तू व्हतीस," तो म्हणाला. "मला त्या दिवशी कोन व्हतं? आई रडत व्हती, एजंट फोनवर वरडत व्हता, आन् त्यो दुभाष्या पेन फुडं करत व्हता."

"आता आहे ना मी."

"आता व्हय. तवाचं इच्यारतोय." आणि किक मारून गेला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. अर्ज गेलाय. लागेल तेवढा वेळ लागू दे.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे, म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. तुमच्या घरातून, गल्लीतून, वाडीतून कोणीतरी बाहेरदेशी कामाला गेलेलं आहे. त्याच्या कार्डाची मुदत कधी संपते, हे तुम्हाला आज ठाऊक नाही. विचारा. अर्ज गेला म्हणाला तर पोच बघितलीस का, हे विचारा. पासपोर्ट कंपनीकडे आहे म्हणाला तर तो सेफ आहे, हे ऐकून घेऊ नका. उद्या त्याच्यापुढे कोणी कागद सरकवला आणि तुम्हाला फोन करून "त्याला सही करायला सांगा" म्हटलं, तर रडू नका, घाबरू नका, सांगू नका. त्याला म्हणा, थांब, आम्ही आहोत. आणि मग खरोखर असा. चार माणसं घेऊन एजंटाच्या दारात जा, चपला घालून आत शिरा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

पोराला एकटं सोडू नका.